अर्ध्या अर्ध्या तासाची वही

ही वही खरं तर डॉक्टरांची. ह्यांना पार्किन्सन. न्यूरोलॉजिस्ट बाईंनी सांगितलं होतं, तीन दिवस सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासाला लिहून ठेवा: हे 'ऑन' आहेत, 'ऑफ' आहेत, की अंग हेलकावतंय. म्हणजे दिवसाच्या ३२ चौकटी. सहकारी बँकेत मी ३१ वर्षं खतावण्या केल्या, रकाने आखायची हाताला सवय होती. तीन दिवस संपले तरी मी थांबले नाही. उजव्या पानावर चौकटी, डाव्या पानावर सुचेल ते. ही डावी पानं.

*

ऑन म्हणजे गोळी लागू पडलेली. हे शर्टाची बटणं स्वतः लावतात, ताटातलं स्वतः कालवतात. ऑफ म्हणजे गोळी उतरलेली. अंग लाकूड, उजवा हात थरथरतो, पाय जमिनीला चिकटतात. तिसरी अवस्था बाहेरच्या माणसाला कळत नाही. गोळीचा अंमल जास्त झाला की मान, खांदे, धड आपोआप हेलकावू लागतं. लग्नात कुणी विचारलं, "काका नाचताहेत का?" या अवस्थेला डिस्कायनेशिया म्हणतात.

पहिल्या दिवसाची बेरीज: ऑफ १३, हेलकावे ६, चांगल्या १३. साडेसहा तास माणूस, बाकी वेळ वाट पाहणं.

*

हात थरथरायच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. हे एसटीच्या कार्यशाळेत, पंप सेक्शनला. घरी आले की मोरीत दोनदा साबण लावून हात धुवायचे, तरी डिझेलचा वास जायचा नाही. एक दिवस मला म्हणाले, "हल्ली डिझेलला वासच येत नाही गं, भेसळ असेल." मला तर दारातून येत होता. झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे, तेही त्याच सुमाराचं. वास जाणं, स्वप्नात हातपाय झाडणं, बद्धकोष्ठ. हा आजार कंपाच्या कितीतरी वर्षं आधी अशा आडवाटांनी घरात येतो. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पट्टा आहे, त्या पेशी डोपामिन बनवतात. हात हलायला लागतो तोवर त्यांतल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात.

*

आजार पहिल्यांदा ओळखला तो समोरच्या निवृत्त गुरुजींनी, त्यांच्या ओट्यावर बसून. "तुमच्या मिस्टरांचा उजवा हात चालताना हलत नाही."

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर छोटासा निबंध लिहिला. त्यात सहाच रुग्ण, आणि त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं. हे वाचल्यावर मी गुरुजींना मुद्दाम सांगून आले. ओट्यावर बसून माणसं न्याहाळणाऱ्याचेही उपकार असतात.

*

गावाकडच्या वैद्यांनी कवचबीजाचं चूर्ण दिलं. कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी. लहानपणी जिच्या शेंगांना हात लागला की रडायची वेळ यायची तीच. आमच्या लेकीला वाटलं डॉक्टर रागावतील. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, या बियांत लेव्होडोपा असतो, तोच तुमच्या गोळीत आहे. १९३७ मध्येच मद्रासच्या दोन संशोधकांनी तो या बियांतून वेगळा काढला होता. "म्हणूनच मला न सांगता देऊ नका. गोळीत किती आहे ते मला ठाऊक असतं, चमच्यात किती गेलं ते नाही." आयुर्वेदात कंपवात आहे, त्यावर कवचबीज आहे, आणि कवचबीजात नेमकं तेच औषध आहे. माझ्या मनात हे फार आदरानं राहिलं आहे.

*

वरण दुपारचं बंद, रात्री. डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच दारात गर्दी करतात. दुपारी वरणभात जेवले की दोनची गोळी साडेतीनपर्यंत लागत नाही. हे मला कुणी सांगण्याआधी चौकटींनी सांगितलं.

*

नऊ वर्षं गोळ्यांवर निभावलं. सुरुवातीला एक गोळी सहा तास पुरायची, शेवटी दोन. वाढवली की हेलकावे, कमी केली की लाकूड. तेव्हा बाईंनी डीबीएसचं नाव काढलं: डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मेंदूत खोल तार सोडायची, छातीत कातडीखाली बॅटरी ठेवायची, आणि सतत बारीक विजेचे ठोके द्यायचे.

त्याआधी एक परीक्षा. रात्रीपासून बारा तास गोळी बंद, सकाळी ऑफमध्ये बोटं, मनगट, खुर्चीवरून उठणं, चालणं सगळ्याला गुण द्यायचे. मग गोळी देऊन पुन्हा गुण. त्या सकाळी ह्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं, परत आले ते चालत. मग स्मरणशक्तीच्या चाचण्या, मन उदास आहे का याचीही तपासणी, कारण विसरभोळेपणा बराच वाढलेला असेल तर हे ऑपरेशन करत नाहीत.

बाईंचं त्या दिवशीचं वाक्य मी लाल शाईनं लिहून ठेवलंय: गोळी उत्तम लागते तेव्हा जे जमतं, तेवढंच ऑपरेशनने जमेल, पण जास्त तास. गोळीने जे सुधारत नाही ते यानेही सुधारणार नाही. अपवाद कंपाचा, तो गोळीला दाद देत नसला तरी विजेला देतो.

*

हे लाल शाईचं वाक्य सगळ्यांना मिळत नाही. एका मोठ्या शहरातल्या एका ठिकाणी आम्हांला टेबलापलीकडून सांगण्यात आलं, "पंधरा दिवसांत एकदम बरे, गोळ्या बंद." आम्ही उठून आलो. आजार पुढे सरकत राहतो, तार तो थांबवत नाही. हे न सांगता कुणाच्या आयुष्यभराच्या पुंजीवर सही घेणं मला पाप वाटतं. आणि ऑपरेशन फसवं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ते इतकं चांगलं आहे की त्यासाठी खोटं बोलायची गरजच नाही.

*

पैसे. खर्च दहा लाखांच्या वर. ह्यांची पेन्शन ईपीएस-९५ ची. तिच्यात महिन्याच्या गोळ्या कशाबशा बसतात. माझा फंड, लेकीने दिलेले, आणि कोरेगावकडची अकरा गुंठे. जमिनीला हे तयार नव्हते. "पोरांचं आहे ते." तीन आठवडे घरात हा विषय निघाला की हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेवटी मी वही पुढे ठेवली. म्हटलं, रोज तेरा चौकटी ऑफ, वर्षाला दोन हजार तीनशेहून जास्त तास. तुम्ही एसटीत वर्षाला तेवढे तास कामाला होतात. ती नोकरी आता तुम्ही बिनपगारी ह्या खाटेवर करताय. बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, "सातबारा कुठंय?"

*

ही वीज मेंदूत घालायचं सुचलं कुणाला, हे मला हवं होतं. लेकीने माहिती काढून दिली, मी जमेल तसं उतरवलं.

१९५२, न्यूयॉर्क. अर्व्हिंग कूपर नावाचे सर्जन एका पार्किन्सनच्या रुग्णावर वेगळंच ऑपरेशन करत होते. मध्येच एक धमनी फाटली. ती बांधून टाकावी लागली, ऑपरेशन अर्धवट सोडलं. रुग्ण शुद्धीवर आला तर कंप गायब, आणि हातपायही लुळे नाहीत. त्या धमनीवर जगणारा मेंदूचा बारीक भाग मेला होता. पुढे सर्जन मुद्दाम असे भाग जाळू किंवा गोठवू लागले. मग लेव्होडोपा आला आणि असली ऑपरेशनं मागे पडली.

१९८७, फ्रान्समधलं ग्रनोब्ल. आलिम-लुई बेनाबिद मेंदूतल्या थॅलॅमसचा ठिपका जाळण्याआधी जागा बरोबर आहे का हे विजेचा हलका झटका देऊन तपासत होते. सगळेच तसं करत. सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके दिल्यावर कंप थांबला. वीज बंद केली, परत आला. जाळलेलं परत येत नाही, वीज मात्र कमीजास्त करता येते, बंदही करता येते. मग तार आतच का ठेवू नये?

तिसरी गोष्ट वाचून मी त्या रात्री झोपले नाही. १९८२, कॅलिफोर्निया. काही तरुण पोरांनी चोरून बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं आणि काही दिवसांत पुतळ्यासारखी थिजली. त्या मालात एमपीटीपी नावाचं विष होतं, ते नेमक्या त्याच काळ्या पेशी मारतं. त्या विषामुळे माकडांमध्ये आजार उभा करून अभ्यासता आला. १९९० मध्ये हागाय बर्गमन आणि मॅलन डीलाँग यांनी दाखवलं की डोपामिन संपलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटा भाग बेफाम चालू लागतो, आणि तो शांत केला की माकड पुन्हा हालचाल करतं. १९९३ मध्ये ग्रनोब्लला पहिल्यांदा तिथे तार ठेवली गेली. ह्यांच्याही तारा तिथेच आहेत. त्या पोरांची नावं मला माहीत नाहीत, पण देवापुढे दिवा लावताना ती आठवतात.

*

सबथॅलॅमिक न्यूक्लियस केवढा? साधारण सुक्या पावट्याच्या दाण्याएवढा, तसाच दोन्हीकडून फुगीर. डावीकडे एक, उजवीकडे एक. तार सव्वा मिलिमीटर जाड. आता पावटे निवडताना एखादा दाणा बोटांत धरून बघत बसते.

*

ऑपरेशनचा दिवस. मी बाहेर होते; आतलं सगळं ह्यांच्या तोंडचं.

आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, म्हणजे पूर्ण ऑफ. डोकं भादरलेलं. पहाटे डोक्याला धातूची चौकट बसवली. कातडी बधिर करून चार ठिकाणी स्क्रू. "दुखलं नाही, पण आवळल्याचं कळत होतं. मला वाटलं टॉर्क बघून आवळत असतील." चौकटीसकट स्कॅन, आदल्या दिवशीच्या एमआरआयवर तो चढवून वाट ठरवली. मग कवटीला भोक, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. माणूस जागा. मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतं ते कातडीला आणि हाडावरच्या पापुद्र्याला. पण ड्रिलचा आवाज हाडातून येतो. ह्यांनी आयुष्यभर ड्रिल चालवलं. म्हणाले, "तेवढा एक मिनिट मी नर्सबाईंचा हात धरला."

मग केसाएवढी बारीक सुई आत, मिलिमीटरच्या तुकड्यातुकड्याने. सुईच्या टोकाला पेशी जे बोलतात ते स्पीकरवर ऐकू येतं. आधी तुरळक टकटक, मग जवळजवळ शांतता, आणि एकदम दाट, खरखरीत गलका. तो गलका म्हणजे दाण्याच्या आत आलो. ह्यांना हे सगळ्यात आवडलं. चाळीस वर्षं इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि कुठला बेअरिंग गेलाय ते सांगायचे. "डॉक्टर तेच करत होते गं. फक्त इंजिन मी होतो."

वीज दिली. उजवा हात थांबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा गोळी पोटात नसताना. डॉक्टरांनी विचारलं, मुंग्या येतात? डोळ्यांना दोन दिसतं? तोंड ओढलं जातंय? वारांची नावं उलटी म्हणा. हे म्हणत गेले. एका ठिकाणी वीज वाढवल्यावर "गुरुवार"ची जीभ अडखळली, लगेच कमी केली. शेजारून हालचालींचा मोठा नाडीपथ जातो. वीज तिकडे सांडली की ओठ आणि जीभ खेचली जातात.

मग दुसरी बाजू. नंतर पूर्ण भूल देऊन छातीत बॅटरी, आणि तारा कानामागून मानेच्या कातडीखालून तिला जोडलेल्या. बाहेर आले तेव्हा दुपारचे चार. शंभरात एखाद-दोघांना आत रक्तस्राव होतो, असं सहीच्या कागदावर होतं. सकाळपासून मी तो एखादा मोजत बसले होते.

*

घरी आल्यावर आठवडाभर हात थरथरलाच नाही. बॅटरी तर अजून चालूच केली नव्हती. नुसत्या तारेच्या शिरकावाने तिथे थोडी सूज येते, तिचाच हा गुण. डॉक्टरांनी बजावलं होतं की हे उतरणार आहे. आम्ही नातेवाइकांना सांगितलं नाही, त्यांनी कंदी पेढे आणले. अकराव्या दिवशी सकाळी बशीतला चहा सांडला. हे रडले. मीही. ठाऊक असून रडलो.

*

खरा उपचार ऑपरेशननंतर महिन्याने सुरू होतो, हे कुणी जीव तोडून सांगत नाही. त्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. तारेच्या टोकाला चार कडी, दीड-दीड मिलिमीटरची. कुठल्या कड्यातून वीज सोडायची, किती जोराची, एक ठोका किती रुंद, सेकंदाला किती ठोके. ह्यांचे सेकंदाला १३०, एक ठोका सेकंदाच्या दशलक्षांश भागांत ६०. डॉक्टर छातीवर एक चकती ठेवतात, हातात टॅबलेट, आणि बोटाने कमीजास्त करतात. पहिल्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी अडीच. एक-एक कडं, एक-एक पायरी, मध्ये वाट पाहणं. कंप चटकन थांबतो, ताठरपणा काही मिनिटं घेतो, चालणं सुधारायला कधी तास, कधी दिवस. म्हणून घाई चालत नाही.

आम्ही सात महिन्यांत नऊ वेळा पुण्याला गेलो. जवळ असा डॉक्टर नसेल तर ऑपरेशन करून काय उपयोग, हा प्रश्न लाखांच्या आकड्याआधी विचारायला हवा.

ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, ठोक्यांनी नेमकं होतं काय? ते म्हणाले, आजारात पेशींचे मोठे गट एकाच संथ तालात अडकतात, सेकंदाला १३ ते ३० अशा, आणि हालचालीला मोकळीकच देत नाहीत. जलद ठोके तो ताल मोडतात. हे लगेच म्हणाले, "म्हणजे हंटिंग." डिझेल इंजिन आयडलला असताना आपोआप वरखाली व्हायला लागतं त्याला कार्यशाळेत हंटिंग म्हणतात, आणि दोष पंपाच्या गव्हर्नरमध्ये असतो. डॉक्टरांनी तो शब्द कागदावर लिहून घेतला.

*

तिसऱ्या महिन्यात गोळ्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. हेलकावे संपले. आणि हे गप्प झाले. रडत नव्हते, चिडत नव्हते, काहीच नव्हतं. पेपर घडीचा घडीलाच राही. नातू आला तरी हूं. उजव्या पानावर सगळ्या चौकटी ऑन, आणि खाटेवर माणूस नाही. मी आठवडाभर स्वतःला समजावलं की थकवा असेल. मग बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डोपामिन फक्त हातापायांचं नसतं, आवडीचं, उमेदीचंही असतं. गोळी फार लवकर उतरवली. अर्धी गोळी परत वाढवली. तीन आठवड्यांनी हे स्वतः उठून गुरुजींच्या ओट्यावर गेले.

वहीत त्या दिवसापासून एक रकाना वाढवला: 'मन'.

*

खांदा आखडला म्हणून एका दवाखान्यात शेक घ्यायला गेलो. यंत्र जवळ आणत होते तेवढ्यात मला बॅटरीचं कार्ड आठवलं. डायथर्मी. त्या शेकाची ऊर्जा तारेतून थेट मेंदूत उतरते आणि तारेच्या टोकाशी पेशी भाजतात. माणसं त्याने दगावलेली आहेत. बॅटरी बंद केली तरी चालत नाही. तिथल्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याला दोष देत नाही. पण कार्ड पाकिटात नको, गळ्यात हवं. गरम पाण्याची पिशवी चालते.

*

विहीर. हे कोरेगावच्या विहिरीत सुळकी मारणारे. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं, पाण्यात एकटं जायचं नाही. २०२० मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, सगळे चांगले पोहणारे, डीबीएसनंतर चालणं सुधारलं पण पोहणंच जमेनासं झालं. काहींनी वीज बंद केल्यावर परत जमलं. हातपाय सुधारतात आणि त्यांची एकमेकांशी असलेली जुनी सांगड सुटते, असं काहीतरी.

उन्हाळ्यात भाच्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक ह्यांच्या कमरेला, असे पायरीवरून उतरले. छातीभर पाण्यात उभे राहून हात मारून बघितले. मग वर आले, अंग पुसलं. "पाणी गार आहे," एवढंच म्हणाले.

*

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आजाऱ्याला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला हे शब्द आधी जड वाटले. पण हॉस्पिटलच्या कागदावर माझ्यापुढे 'अटेंडंट' लिहिलं होतं. त्यापेक्षा शुभंकर बरं.

*

मुंबईच्या पारशी वसाहतींत भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली होती, १९८८ ला छापली. लाखात ३२८ जणांना पार्किन्सन. त्या समाजात म्हातारी माणसं जास्त, हे त्यातलं एक कारण. आपल्याकडेही म्हातारी माणसं वाढताहेत, आणि आमच्या तालुक्यात न्यूरोलॉजिस्ट नाही.

*

आजची बेरीज: ऑफ ३, हेलकावे ०, ऑन २८. उंबऱ्यात पाय अजून अडकतो. तिथे फरशीवर मी पिवळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्यात, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. लाल शाईचं वाक्य खरं ठरलं: ऑनमध्येही जे अडकायचं, ते अजून अडकतं.

*

आवाजाचं मात्र लिहायचं राहिलं. ह्यांचा आवाज कार्यशाळेचा, चार इंजिनांवरून ऐकू जाणारा. आजाराने तो आधीच बसवला होता, वीज आल्यावर शब्द एकमेकांत मिसळायला लागले. वीज ३.१ मिलिअँपला हात स्थिर, चाल चांगली, पण बोलणं मलाही दोनदा विचारावं लागतं. २.४ ला शब्द सुटे, पण हात थरथरतो. मधला आकडा शोधून झाला, कडी बदलून झाली. शेवटी डॉक्टरांनी दोन्ही मांडण्या बॅटरीत साठवल्या आणि बदलायचा रिमोट ह्यांच्या हाती दिला. 'ए' म्हणजे चालायचं, 'बी' म्हणजे बोलायचं.

बाजारात 'ए'. नातवाचा फोन आला की 'बी'. आणि रोज साडेचारला, चहा गाळायचा आवाज झाला की हे रिमोट छातीशी धरतात. हात थरथरायला लागतो. बशी मी धरते. मग कार्यशाळेतलं काही, गुरुजींचं काही, विहिरीचं काही. एकदा फक्त आमटीत मीठ कमी होतं एवढंच, पण सगळे शब्द सुटे.

नियमाप्रमाणे ती चौकट ऑफ. साडेचार ते पाचची चौकट मी कोरी सोडते. परवा बाईंनी वही पाहिली, पानामागून पान तेवढं एक घर रिकामं, त्यांनी विचारलं, विसरता का? मी नाही म्हटलं.